हेडफोनात कोण दळतंय?

माझ्या कानात एक बाई दळण दळत होती, आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. ही दोन वाक्यं एकमेकांना लागून लिहावी लागतात, यातच माझी अर्धी मानहानी झाली. उरलेली अर्धी सविस्तर सांगतो.

सुयोग, आमचा मुलगा, पुण्याला हॉस्टेलवर राहिला आणि त्याचा कॉम्प्युटर बारामतीत आमच्या पुढच्या खोलीत राहिला. मे महिन्याची सुट्टी. मी जेवणानंतर सीडीवर अभंग लावायचो. शेजारच्या लीलाबाई भिंतीवर उलथनं वाजवून म्हणायच्या, "मास्तर, देवाला ऐकू येतंय की! आमाला झोपू द्या!" आणि आमची सुप्रिया आतल्या खोलीतून काहीच म्हणायची नाही. बायको काहीच म्हणत नाही तेव्हा काय समजायचं, हे विज्ञानाच्या पुस्तकात नसलं तरी मला येतं. म्हणून मी पुण्याहून बिनतारी हेडफोन आणला.

वस्तू देखणी होती. एक काळी डबी. तिची पिन कॉम्प्युटरच्या पाठीतल्या हिरव्या भोकात खुपसायची. कानावर दोन मऊ वाट्या. त्यात पेन्सिल सेल घालायचे. उजव्या वाटीला एक दातेरी चाक, ते फिरवून आवाज पकडायचा. मी पकडला. उजव्या कानात अभंग आला. डाव्या कानात आग्यामोहोळ आलं.

बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचं दुकान असलेला शंभूराज आला. त्याने पडदा बघितला, नाडी बघितल्यासारखा माउस धरला आणि म्हणाला, "सर, विंडोज खराब झालीय. फॉरमॅट मारू."

"अरे, डाव्या कानात घूं होतंय फक्त."

"घूंच वाईट असतं, सर. नुसतं बंद पडलं असतं तर कळलं असतं."

फॉरमॅट मारला. त्यात सुयोगची चित्रं गेली, माझ्या नववीच्या प्रश्नपत्रिका गेल्या, घूं राहिलं. मग कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारल्यावर कळलं की आवाजाची घसरपट्टी उजवीकडे सरकलेली होती. ती मधोमध आणली. आता अभंग दोन्ही कानांत येऊ लागला, आणि घूंसुद्धा.

लीलाबाईंचे यजमान हयातीत वीज मंडळात होते. त्या नात्याने विजेच्या बाबतीतला शेवटचा शब्द लीलाबाईंचा. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अर्थिंग सुकलंय मास्तर. खड्ड्यात मिठाचं पाणी ओता. आमचे हे ओतायचे." मी बादलीभर ओतलं. घूं निम्मं झालं. खड्ड्याशेजारचा सुप्रियाचा मोगरा मात्र पुरता गेला, आणि ती याही वेळी काहीच म्हणाली नाही.

इथपर्यंत सगळं कुठल्याही घरात होतं तसं होतं.

मग ती दुपार आली. सावली माणसाच्या पायाखाली येऊन बसते, ती वेळ. गल्लीत चिटपाखरू नाही, कावळ्यानंसुद्धा बोलणं टाकलेलं. सीडी संपली म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला. हेडफोन काढायचा तेवढा राहिला होता.

त्या काळ्या शांततेत, आधी लांब, मग जवळ, दगडावर दगड फिरला. घर्र... घर्र... मधेच अडखळून पुन्हा घर्र. आणि एक बाई गाऊ लागली. गळा म्हातारा, पण आत कुठेतरी ओल असलेला, आडाच्या तळासारखा.

*चौथी झाली गं लेक । घराचं त्वांड फिरलं*
*पाळण्याच्या दोरीला गं । माझं काळीज बांधलं*

मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. बाई गातच होती. काळ्या डबीची पिन काढली, डबी उचलून अंगणात ठेवून आलो. बाई गातच होती. शेवटी हेडफोनातले सेल काढले. गाणं थांबलं. म्हणजे जे काही होतं ते पेन्सिल सेलवर चालत होतं. ही नोंद मी वैज्ञानिक वृत्तीने केली. सेल मी देवघरात नेऊन ठेवले ही गोष्ट वेगळी.

शंभूराजला बोलावलं. त्याने बंद कॉम्प्युटरकडे बघितलं, हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा वरण उतू जाताना बघणाऱ्या माणसासारखा झाला. हेडफोन हलकेच टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, कॉम्प्युटर चालू असताना जो आवाज येतो, तेवढाच आमच्याकडं असतो. बंद असतानाचा येत न्हाय." आणि चहा न घेता गेला. शंभूराज चहा न घेता गेला, हे कळल्यावरच गल्लीला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

दुसऱ्या दुपारी सुप्रियानं हात पुढे केला. "बघू."

मी तिच्या कानावर वाट्या ठेवल्या आणि तिच्या डोक्याला डोकं लावून ऐकू लागलो. घर्र... घर्र...

*नकोशी नाव तुझं । सासूबाईनं ठेवियेलं*
*पदराच्या आड लेकी...*

आणि पुढचं गेलं. नुसती खसखस, वाळल्या पाचोळ्यातून काहीतरी सरपटत जावं तशी. मग पुन्हा जातं.

सुप्रिया खाली बसली, फरशीवरच.

"हे नाव तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कोणतं?"

"माझं."

लग्नात मी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुप्रिया' लिहिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याआधी तिचं नाव नकोशी. डाळजच्या पुढं, भीमेच्या काठच्या एका गावात ही चौथी मुलगी जन्मली आणि आजीनं देवाला कळावं म्हणून नाव ठेवलं. आई, सारजा तिचं नाव, ही रांगत होती तेव्हाच गेली. हिला काटेवाडीच्या आत्याकडे धाडलं. मागाहून धरण झालं आणि अख्खं गाव, आजीसकट सगळ्यांची घरं, उजनीच्या पाण्याखाली गेलं. बारामतीत या नावाचं माणूस कुणाला ठाऊक नव्हतं. मीसुद्धा जवळजवळ विसरलो होतो.

"आई मला काय म्हणायची, हे मला कधीच कुणी सांगितलं न्हाय," ती म्हणाली. तिचं बोलणं आत्याच्या घरचं व्हायला लागलं की मी गप्प बसतो. "ताई म्हणतात, गायची. काय गायची, न्हाय माहीत. ती बी नकोशीच म्हणायची का? एवढं उरलेलं अर्धं कळलं म्हणजे झालं. पदराच्या आड तिनं काय म्हटलं?"

तेव्हापासून त्या हेडफोनची दुरुस्ती माझी राहिली नाही, तिची झाली. रोज जेवणं आटोपली की ती भिंतीला टेकून बसे, वाट्या कानावर, अंगठा दातेरी चाकावर. बाई रोज गाई. आणि रोज त्याच जागी, पदराच्या आड, ओवी पाचोळ्यात जाई. आम्ही नवे सेल घातले. वाट्यांना ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला. मी हेडफोनला तांब्याची तार जोडून ती तुळशीवृंदावनाला बांधली. अर्धी ओवी स्वच्छ येई. उरलेली अर्धी नाहीच.

लीलाबाईंनी तिसऱ्या दिवशी हेडफोन स्वतः ऐकला आणि लगोलग दाराशी लिंबू-मिरची लटकवली. "भर दुपारची हाक हाय ही, सुप्रियाबाई. आसल्या हाकेला ओ द्यायची नसती. ओ दिली की माणूस गेलं. आमच्या चुलतसासूनं दिली होती."

"मग?"

"मग काय! गेली."

"कधी?"

"म्हातारी होऊन गेली, पर गेलीच की!"

त्या दुपारी ओवी पाचोळ्याशी पोचली आणि सुप्रिया हळूच, पण स्पष्ट, म्हणाली, "ओ, आई."

हेडफोनला माईक नव्हता. तिची ओ पलीकडे पोचणं अशक्य होतं. हे मी नववीला 'ध्वनी' या पाठात फळ्यावर सिद्ध करून देऊ शकतो. पण तेवढ्यात पलीकडचं गाणं थांबलं. जातं फिरत राहिलं, बाई गप्प. कुणीतरी ऐकत असावं तशी गप्प. मग पावलं वाजली, कसलंतरी भांडं वाजलं. लीलाबाई तोंडाला पदर लावून मागच्या मागे निघून गेल्या, आणि पुढे रोज सकाळी खिडकीतून विचारू लागल्या, "उठल्या का हो? चहा घेतला का? गरम होता का तो कळलं का जिभेला?"

मी एका शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं ठरवलं. अर्ज. 'बिनतारी श्रवणयंत्रात अज्ञात महिलेचा हस्तक्षेप' असा विषय घालून मी एका सरकारी कार्यालयात गेलो. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"बिनतारी म्हणजे वायरलेस. तुमच्याकडं वायरलेसचा परवाना आहे का?"

"हा हेडफोन आहे हो. कॉम्प्युटरचा."

"कॉम्प्युटर चालू असताना बोलते का बाई?"

"बंद असताना."

"मग कॉम्प्युटर कशाला लिहिलंत? खोडा ते." मी खोडलं. "बाई राहणार कुठल्या?"

मी खरं ते सांगितलं: "बायकोचा समज आहे की डाळजजवळच्या बुडालेल्या गावच्या."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी अर्ज परत माझ्याकडे सरकवला. "मग असं सांगा ना! इंदापूर तालुका. धरणग्रस्त. त्यांच्या तक्रारी पुनर्वसनवाले घेतात."

"पण ती वारलेली आहे."

"वारसांनी अर्ज करायचा."

घरी येऊन हे मी हसत सांगितलं. सुप्रिया हसली नाही. "मीच वारस," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावच्या भिंती वर येतात म्हणं. उद्या जाऊ."

एस.टी.नं भिगवणला उतरलो, पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं पाण्यापर्यंत सोडलं. गाळ भेगाळून ताटल्यांसारखा पडला होता. एका देवळाचं शिखर आणि काही जोती पाण्याबाहेर आली होती. उंबरा होता, घर नव्हतं. लांबवर रोहित पक्षी एका पायावर उभे, कुणीतरी थांबायला सांगून विसरून गेल्यासारखे. सुप्रियानं गाळात खण-नारळ ठेवला, ओटी भरली, आणि हेडफोन लावून उंबऱ्यावर बसली. एक मेंढपाळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला मान हलवून नमस्कार केला, विज्ञान शिक्षक अशा वेळी जसा करतो तसा.

दुपार कलली. तिनं वाट्या काढून माझ्या कानाला लावल्या. काही नव्हतं. दगड नाही, गाणं नाही, नुसता वारा.

"हितं न्हाय ती," सुप्रिया म्हणाली. आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "मग आपल्या घरापाशी कोण हाय?"

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघं सारखे मागे बघत होतो.

पण तिचं बरोबर होतं, आणि ते मला सुचायला हवं होतं. पाण्याकाठी येत नाही आणि घरी येतं, तर आवाज घराजवळचा. दुसऱ्या दिवशी ओवी सुरू झाल्याबरोबर मी हेडफोन घालून घराबाहेर पडलो. गल्लीत गेलो, आवाज बारीक झाला. माघारी वळलो, ठसठशीत झाला. पाणाड्या हातावर नारळ ठेवून वावरातून फिरतो आणि नारळ उभा राहील तिथे विहीर दाखवतो. तसा मी, पायात चप्पल, डोक्यावर बायकोच्या पिवळ्या टॉवेलची पगडी, दोन्ही कानांवर चांदीच्या कागदाच्या वाट्या, भर उन्हात, डोळे मिटून, मागच्या वांग्याच्या वावरात शिरलो. मागे सुप्रिया. तिच्या मागे लीलाबाई, हातात लिंबू.

"डावीकडं वळा," लीलाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू येतंय का?"

"न्हाय, पर तुमच्या पायाखाली वांगं आलंय."

आवाज वाढत गेला तसे माझे डोळे उघडले. बांधावरच्या शेवग्याखाली एक माणूस वाकून वांगी तोडत होता. त्याच्या शेजारी, पाटाच्या कडेला, एक ट्रान्झिस्टर होता. आणि ट्रान्झिस्टरमधून, माझ्या कानातल्यासारखीच, तीच बाई गात होती.

त्यानं माझ्याकडे बघितलं. कोण जास्त घाबरलं हे सांगणं अवघड आहे.

"कोण वो तुमी?"

"मी मोहनराव. इथं मागं राहतो. हायस्कुलात..." पुढचं 'विज्ञान' मी गिळलं. "ही बाई कोण गातेय?"

"आमची म्हातारी," तो म्हणाला. "फुलाबाई. मी सोपान. गेल्या साली हे वावर वाट्यानं घेतलंय." त्यानं वावराच्या टोकाच्या पत्र्याच्या घराकडे बोट केलं. "माझा लग्नामांडवाचा स्पीकरचा धंदा हाय वो, उन्हाळ्यात. त्यातला बिनतारी माईक हाय तो. दुपारी बायको माळवं घिऊन मंडईत जाती, म्हातारीजवळ कुणी नसतंय. मग माईक तिच्या उशाला टांगतो, हितं रेडू लावतो. ह्या आकड्यावर दुसरं कुठलंच ठेसन लागत न्हाय, मोकळी पट्टी हाय."

माझ्या हेडफोनाचं दातेरी चाक त्याच मोकळ्या पट्टीत बसलं होतं; काळी डबी बंद पडली की तिथं म्हातारी लागत होती. मला केवढं हायसं वाटलं! मी हसलोही. "आणि हे जातं?"

"जातं कुठलं? टेबलफॅन हाय. त्याची बेरिंग गेलीया."

लीलाबाईंनी लिंबू कमरेला खोचलं. "हाक मारून पाणी मागती का म्हातारी?"

"हाक कुठली मारती," सोपान म्हणाला. वांग्यांची पाटी त्यानं खाली ठेवली. "संक्रांतीपासनं अंगावरनं वारं गेलंय. बोलता येत न्हाय. पाणी म्हणता येत न्हाय, माझं नाव घेता येत न्हाय. तोंडातनं शब्दच न्हाय फुटत. पर गाणं येतंय. डॉक्टर म्हणले, हुतं आसं, बोलणं जातं आन् गाणं राहातं. मग मी कान लावून ऱ्हातो. गायची थांबली की समजायचं, म्हातारीला पाणी पायजे. जाऊन पाजतो."

मला त्या दिवशीची पावलं आठवली, आणि भांडं.

सुप्रिया पुढे आली. तिनं विचारलं ते इतक्या हळू की सोपानला वाकावं लागलं. "नकोशी कोण? तुमच्यात हाय का कुणी?"

"न्हाय वो. मी येकटाच. ती गाणी आईची न्हाईत बी. आमचं जुनं गाव पाण्यात गेलं, तितं आमच्या शेजारी सारजाकाकू हुती. दोघी येका जात्याला, समोरासमोर. सारजाकाकू गाणं जोडायची, आई पुढं वढायची. काकूच्या धाकटीचं नाव नकोशी. सासूसमोर उलटं बोलायची सोय न्हवती, म्हणून ती जात्यावर बोलायची. काकू गेली, पोरगी कुठं धाडली कुणास ठाऊक. आई म्हणायची, सारजाची गाणी मी सांभाळल्यात, धनिणीला द्यायची ऱ्हायल्यात."

ट्रान्झिस्टरमध्ये पंखा घरघरत होता.

"पण ती ओवी अर्धीच येते," मी म्हणालो, काहीतरी म्हणायचं म्हणून. "पदराच्या आडच्या पुढं खसखस होते. माईकचा दोष असणार."

"माईक नवा हाय," सोपानला ते लागलं. "आई तितं पदर तोंडावर घेती. चांगल्या हातानं. पयल्यापासनं तसंच. काकूबी तसंच करायची म्हणं, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. ते म्हणनं लांबच्याला ऐकू येतच न्हाय. मला बी कधी आलं न्हाय."

सुप्रिया पत्र्याच्या घराकडे चालू लागली. लीलाबाई मागे निघाल्या, मग थांबल्या, आणि बांधावर बसून घेतलं.

आम्ही तिघं आणि एक ट्रान्झिस्टर. मी हेडफोन डोक्यावरून उतरवला नव्हता. दोन्हींतून आधी दार करकरलं. मग सुप्रियाचा आवाज आला. ती आपलं नाव सांगत होती. मी तांदळात लिहिलेलं नव्हे, ते दुसरं. पलीकडे एक घशातला आवाज झाला, शब्द व्हायला धडपडणारा. तो झाला नाही. बाज वाजली. आणि मग गाणं आलं, पहिल्यापेक्षा हळू, समोर बसलेल्या माणसाला म्हणतात तसं.

*नकोशी नाव तुझं । सासूबाईनं ठेवियेलं*
*पदराच्या आड लेकी...*

खसखस. तीच, रोजची, पाचोळ्यासारखी. पण या वेळी ती लांबत गेली. पदराच्या आत दोन डोकी असावीत. त्यातून एकही शब्द बाहेर आला नाही. मग सुप्रिया हसली. लहान मुलीसारखी, मान मागे टाकून. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. आणि हसता हसताच ते रडणं झालं, पुन्हा हसणं झालं.

सोपाननं वाकून ट्रान्झिस्टरचा कान पिळला. आवाज बंद झाला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आता जवळ माणूस हाय की."

मीही वाट्या कानावरून काढल्या. वावरात पाटाचं पाणी तेवढं वाजत होतं.

ती बऱ्याच वेळानं आली. पदर नीट केलेला, डोळे सुजलेले. लीलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कमरेचं लिंबू काढून वांग्याच्या झाडात टाकून दिलं.

मी विचारलं, "काय होतं मग? पदराच्या आड?"

सुप्रियानं माझ्याकडे बघितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर विचारायला आलेल्या पोराकडे मी बघतो, तसं.

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "उद्या जेवण लवकर उरका. मला हितं यायचंय." आणि बांधावरून पुढे निघून गेली.